अँट्रिमच्या काळ्या दगडांपाशी एक दिवस : बेलफास्टहून केलेल्या खासगी सहलीचे परीक्षण

उत्तर आयर्लंडचा अँट्रिम किनारा, त्यावरच्या जायंट्स कॉजवे या काळ्या दगडी खांबांच्या ठिकाणासह, एका दिवसात दाखवून आणणाऱ्या सहली बेलफास्टमधून रोज सकाळी निघतात आणि त्यांतल्या बहुतेक मोठ्या बसमधून जातात. बसच्या मानाने खासगी गाडी आणि सोबत मार्गदर्शक घेणे चांगलेच महाग पडते, त्यामुळे आरक्षण करण्यापूर्वी आम्ही आठवडाभर विचार केला. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम वर्ष झालेले, आणि बसच्या सहलीत प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे मिळतात हे मागच्या अनुभवावरून ठाऊक होते. शेवटी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील एका दिवसासाठी आई, बाबा, माझे पती आणि मी अशा चौघांचे मिळून ४९० पौंड भरून आम्ही एका लहान संस्थेची खासगी सहल घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण या किनाऱ्यावर अशा पद्धतीने काम करणारे अनेक जण आहेत आणि मला लिहायचे आहे ते त्या पद्धतीबद्दल. पैसे वसूल झाले का, असे कोणी विचारले तर मी विनासंकोच हो म्हणेन. मात्र आमचे पैसे गाडीसाठी लागले असे मला वाटत नाही. जिथे पाय रेंगाळले तिथे रेंगाळू देणारा आणि जिथे मन रमले नाही तिथून लगेच पुढे नेणारा दिवस आम्हाला त्या पैशांत मिळाला.

आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. हा किनारा आयर्लंड बेटावर असला तरी उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. तिथे पौंड चालतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर अंतर मैलांत असते. डब्लिनहून येताना सीमेवर नाका लागत नाही, पण त्यामुळे व्हिसाचा नियम सुटत नाही. भारतीय पासपोर्टवर केवळ आयर्लंडचा व्हिसा घेऊन येणाऱ्यांनी त्यावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद आहे की नाही हे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावे. डब्लिनहून एका दिवसात जाऊन येता येते, पण मग साधारण सहा तास प्रवासातच जातात. आम्ही म्हणूनच आदल्या रात्री बेलफास्टला मुक्काम केला.

सकाळी आठच्या ठोक्याला गाडी दाराशी उभी होती. मार्गदर्शक स्वतःच गाडी चालवणारे, साठीच्या घरातले, ब्लू बॅज ही तिथली मार्गदर्शकाची सर्वांत वरची पात्रता मिळवलेले गृहस्थ होते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती आसनांची व्यवस्था. बाबांना त्यांनी आपल्या मागच्या आसनावर, म्हणजे उजव्या खिडकीशी बसवले, कारण तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते आणि उत्तरेकडे जाताना समुद्र सबंध वेळ उजव्या हाताला असतो. गाडीची पायरी मात्र उंच होती आणि आईच्या गुडघ्याबद्दल आम्ही आधी कळवलेले असूनही खाली ठेवायला पाटासारखे काही आणलेले नव्हते. दिवसभर दर वेळी तिला दोघांनी आधार देऊन चढवावे-उतरवावे लागले. ज्येष्ठांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी गाडीचे छायाचित्र आधीच मागवून घ्यावे.

पहिला थांबा कॅरिकफर्गसच्या किल्ल्यापाशी झाला. ११७७ च्या सुमारास जॉन द कूर्सी या नॉर्मन सरदाराने बांधायला घेतलेला हा किल्ला समुद्रालगत भक्कम उभा आहे, पण आत जायचे तर तास-दीड तास मोडतो, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहून निघालो. या पहिल्या तासात माझी थोडी निराशा झाली, हेही लिहिले पाहिजे. एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण या भागात झाले आहे आणि मार्गदर्शकांनी त्याच्याच गोष्टी सुरू केल्या : कोणता प्रसंग कोणत्या गुहेत झाला, कोणता नट कुठे उतरला होता. येणाऱ्यांपैकी पुष्कळांना तेच ऐकायचे असते, हे मी समजू शकते. आमच्यापैकी कोणीही ती मालिका पाहिलेली नव्हती. मी तसे नम्रपणे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर आरशातून मागे पाहिले आणि 'मग तुम्हाला काय आवडते?' असे विचारले. हा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच विचारला गेला असता तर तो तास वाया गेला नसता. बाबा म्हणाले, 'रस्ते.' आई म्हणाली, 'दगड.' त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या मालिकेचे नाव निघाले नाही.

बाबांची नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, त्यातही बरीच वर्षे घाटरस्त्यांवर झाली आहे, आणि लार्न सोडल्यावर जो रस्ता सुरू होतो तो जणू त्यांच्यासाठीच तिथे होता. ब्लॅक आर्च नावाच्या खडकातल्या लहानशा कमानीतून गाडी बाहेर पडली की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी, अशी स्थिती मैलोन्‌मैल राहते. अँट्रिमच्या खोऱ्यांतील लोकांना पूर्वी डोंगरावरून चढ-उतार करणाऱ्या खडतर वाटांखेरीज मार्ग नव्हता, आणि होडीने स्कॉटलंडला जाणे त्यांना त्यापेक्षा सोपे वाटे. १८३२ मध्ये नव्या रस्त्याचे काम सुरू झाले आणि ते १८४२ पर्यंत चालले. विल्यम बॉल्ड या स्कॉटिश अभियंत्याने डोंगर चढण्याचा विचारच सोडून दिला. सुरुंग लावून कड्याचा दगड खाली किनाऱ्यावर पाडायचा, त्याच दगडाचा भराव करायचा आणि भरतीच्या रेषेलगत सपाट रस्ता काढायचा, अशी त्याची योजना होती. बाबांनी लगेच विचारले की हा भराव लाटांनी धुपत कसा नाही. मार्गदर्शकांनी उत्तर देण्याऐवजी गाडी बाजूला घेतली, बाबांना रस्ता ओलांडून कठड्यापाशी नेले आणि दोघे जण वाकून खाली पाण्याशी रचलेले अवजड दगड पाहत जवळपास पंधरा मिनिटे उभे राहिले. या पंधरा मिनिटांची सोय कोणत्याही बसच्या वेळापत्रकात नसते.

आई त्या वेळी कड्याकडे पाहत होती. कार्नलॉच आणि ग्लेनार्मच्या परिसरात खालचा थर पांढऱ्याशुभ्र चुनखडीचा आणि त्याच्यावर काळ्या बेसॉल्टचा असा दोन रंगांचा कडा दिसतो. खालचा थर प्राचीन समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा साठा होत होत बनलेला, आणि वरचा लाव्ह्याचा. कार्नलॉचच्या बंदरावरची कमान आणि धक्काही याच चुनखडीचे आहेत, त्यामुळे ढगाळ हवेतही ते गाव उजळलेले वाटते. पुढे कुशेंडनपासून मुख्य रस्ता सोडून टॉर हेडच्या अरुंद वाटेने आम्ही गेलो. समोरून दुसरी गाडी आली की एकाने मागे सरायचे, असा तो रस्ता आहे. मोठी बस तिथे जाऊ शकत नाही, आणि खासगी गाडी घेण्याचे हे दुसरे चांगले कारण. टॉर हेडवरून स्कॉटलंडचा किंटायर जेमतेम वीस किलोमीटरवर दिसतो. आमच्या नशिबाने हवा स्वच्छ होती आणि पलीकडच्या टेकड्यांवरची हिरवळ साध्या डोळ्यांनी कळत होती. मात्र कुशेंडननंतर थेट बॅलीकॅसलपर्यंत आमच्या वाटेवर स्वच्छतागृह लागले नाही. मार्गदर्शकांनी ते आधी सांगायला हवे होते, कारण वयस्क माणसांसाठी ही गोष्ट गौण नसते.

बॅलीकॅसल हे टुमदार गाव आहे. १८९८ मध्ये मार्कोनीच्या माणसांनी इथून समोरच्या रॅथलिन बेटाशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करून दाखवली होती. जेवणासाठी संस्थेने आधीच जागा राखून ठेवली होती, पण आम्ही शाकाहारी असल्याचे आरक्षणात लिहूनही ते त्या खाणावळीपर्यंत पोहोचले नव्हते. भाज्यांचे म्हणून पुढे आलेले सूप कशाच्या पाण्यात केले आहे, हे विचारायला मी मार्गदर्शकांना सांगितले. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चौकशी केली तेव्हा ते कोंबडीच्या रश्श्यात केलेले निघाले. मग कांद्याची पात घालून लोण्यात घोटलेला बटाटा, ज्याला तिथे चॅम्प म्हणतात, आणि गव्हाचा जाडसर पाव यांवर आमचे जेवण झाले, आणि ते चविष्ट होते. जेवणानंतर मार्गदर्शकांनी डल्स नावाच्या वाळवलेल्या जांभळट समुद्री शेवाळाची एक पुडी आणून दिली. तोंडात टाकल्यावर ते आधी चामड्यासारखे चिवट लागते आणि मग हळूहळू मीठ सुटते. आईला ते आवडले, इतर कोणालाही नाही.

दुपारचे ठरलेले आकर्षण कॅरिक-अ-रीडचा दोरखंडाचा पूल हे होते. सामन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी मुख्य भूमी आणि एका खडकाळ बेटाच्या मध्ये असा पूल प्रथम १७५५ मध्ये बांधला, असे सांगितले जाते. आजचा पूल सुमारे २० मीटर लांब आणि पाण्यापासून ३० मीटर उंच आहे. सामन मासे बेटाला वळसा घालून याच भागातून जात, म्हणून जाळी लावण्याची जागा पलीकडे होती आणि पुलाची गरज पडे. त्या दिवशी वाऱ्यामुळे पूल बंद होता. सुरक्षेसाठी असे करावेच लागते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती संस्थेबद्दल. पुलाच्या तिकिटांचे पैसे तिने सहलीच्या रकमेव्यतिरिक्त आधीच घेतले होते, आणि पूल बंद राहिल्यास काय होईल हे कुठेही लिहिलेले नव्हते. मुळात प्रवेशशुल्के सहलीच्या रकमेत धरलेली नाहीत, हेच आम्हाला पैसे भरल्यानंतर आलेल्या पत्रातून कळले. पूल नाही तर नाही, पण कड्यावरून तो झुलताना पाहावा म्हणून आम्ही थोडे चाललो. खाली हिरवे, स्वच्छ पाणी खडकावर आपटत होते आणि कड्याच्या कपारींत पक्ष्यांची दाटी होती. अर्ध्या तासात आम्ही परत गाडीत होतो, आणि पुलासाठी राखलेला उरलेला वेळ मार्गदर्शकांनी सरळ कॉजवेच्या खात्यात टाकला.

कॉजवेला आम्ही दुपारी तीनच्या सुमारास पोहोचलो. ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. दूरवरून आलेल्या बस भर दुपारी तिथे गर्दी करतात आणि परतीच्या वेळेला बांधलेल्या असल्यामुळे हळूहळू निघू लागतात. आम्ही खाली उतरत होतो तेव्हा झुंडीच्या झुंडी वर येत होत्या. दगडांपर्यंत पायी जाण्यासाठी पैसे पडत नाहीत, तिकीट असते ते अभ्यागत केंद्र आणि तिथल्या सोयींसाठी, ही गोष्ट मार्गदर्शकांनी आपणहून सांगितली. केंद्रापासून दगडांपर्यंत सुमारे एक किलोमीटरचा उतार आहे. थोडे भाडे घेऊन ने-आण करणारी छोटी बसही असते. आई-बाबांना तिच्यात बसवून आम्ही दोघे मार्गदर्शकांसोबत चालत गेलो.

सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, आणि त्यांतला एक जाड प्रवाह जुन्या नदीच्या खोऱ्यात साचून सावकाश थंड झाला. निवताना तो आकसला, पृष्ठभागाला तडे गेले आणि ते तडे थंडाव्याबरोबर आत आत सरकत गेले. त्यातून सुमारे ४०,००० खांब तयार झाले. बहुतेक खांब षट्कोनी आहेत, पण पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ आहेत, आणि चार किंवा आठ बाजूंचा शोधायचा तर वेळ लागतो. १९८६ पासून हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढी माहिती कोणत्याही फलकावर मिळते. मार्गदर्शकांनी मला खाली बसवून जे दाखवले ते मात्र मी एकटी गेले असते तर माझ्या नजरेतून सुटले असते. खांब उभ्या तड्यांनी एकमेकांपासून सुटे झालेले आहेत, तसेच प्रत्येक खांबाला थोड्या थोड्या अंतरावर आडवे सांधेही आहेत, आणि ते सांधे सपाट नसतात : एका तुकड्याचा माथा वाटीसारखा खोलगट आणि त्यावर बसणाऱ्याचा तळ फुगीर, किंवा याच्या उलट. वरचा तुकडा निखळून गेलेला असेल तिथे ती वाटी उघडी पडते आणि तिच्यात पावसाचे पाणी साचते. अशा एका वाटीत बोटभर पाणी होते, त्यात ढग दिसत होता, आणि कडेला करड्या रंगाचे दगडफूल वाढलेले होते. आई त्या शेजारच्या खांबावर बसली, तिने तळहात दगडावर टेकवला आणि म्हणाली, 'हा आपलाच दगड आहे.'

ते अक्षरशः खरे आहे. दगडाची जात तीच, बेसॉल्ट. सह्याद्रीतला तो अंदाजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्यानंतर सुमारे साठ लाख वर्षांनी आलेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना इथली रचना नवखी वाटणार नाही. मी हे सांगितल्यावर मार्गदर्शकांचा चेहरा खुलला. त्यांनी आम्हाला थोडे पुढे, कड्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटेवर नेले आणि दोन काळ्या थरांच्या मधला तांबडा पट्टा दाखवला. लाव्ह्याच्या दोन कालखंडांच्या मध्ये बराच काळ ज्वालामुखी शांत राहिला, हवा उष्ण आणि दमट होती, आणि वरचा बेसॉल्ट कुजून त्याची लाल माती झाली. पुढे नवा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला. जांभा बनण्याची क्रिया हीच. त्या तांबड्या पट्ट्यात मधूनमधून अंडाकृती, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या वलयांचे गोळे दिसतात, ज्यांना तिथे राक्षसाचे डोळे म्हणतात. भोवतालचा दगड कुजला तरी गाभा टिकून राहिल्याने ते तसे दिसतात. इतक्या उत्तरेला, वाऱ्याने हात गारठलेले असताना, कोकणातल्या चिऱ्याचा रंग दिसला आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. मार्गदर्शकही काही बोलले नाहीत. केव्हा बोलायचे नाही हे ज्याला कळते असा मार्गदर्शक मिळणे, हे मी या सहलीतले सर्वांत मोठे मोल मानते.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी एक माझ्या मनात घर करून राहिली आहे. हे खांब माणसांनी बांधले, की निसर्गाने, आणि निसर्गाने तर पाण्यातून की आगीतून, यावर अठराव्या शतकात युरोपात मोठा वाद होता. डब्लिनच्या सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीने १७३९ च्या सुमारास इथली अत्यंत बारकाईची चित्रे काढली. १७४० मध्ये तिला त्यांसाठी डब्लिन सोसायटीचे २५ पौंडांचे पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या छापील प्रती युरोपभर गेल्या. फ्रान्समधल्या ज्वालामुखींचा अभ्यास करणाऱ्या निकोला देमारे याने असे खांब लाव्ह्यातूनच बनतात असे मांडले, तेव्हा त्याच्यासमोर त्या प्रतीही होत्या. फिन मॅकूल या राक्षसाची कथा अर्थातच त्यांनी सांगितली : स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला त्याने समुद्रात हा रस्ता बांधला, प्रतिस्पर्धी फारच मोठा आहे हे पाहून बायकोने त्याला बाळाच्या कपड्यांत गुंडाळून पाळण्यात झोपवले, आणि बाळ एवढे तर बाप केवढा असेल या भीतीने तो प्रतिस्पर्धी रस्ता मोडत पळून गेला. पण कथा ती कथा आणि भूशास्त्र ते भूशास्त्र, ही सीमारेषा त्यांनी कुठेही पुसट होऊ दिली नाही. एक-दोन प्रश्नांना त्यांनी 'मला नक्की माहीत नाही' असे उत्तर दिले, आणि त्यामुळे बाकीच्या उत्तरांवरचा माझा विश्वास वाढला.

दोन गोष्टी तिथे जाणाऱ्यांना सांगितल्या पाहिजेत. पाण्याच्या रेषेजवळचे खांब शेवाळाने काळेकुळकुळीत झालेले असतात आणि ते अतिशय निसरडे असतात. काळ्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबावे, असे मार्गदर्शकांनी बजावले होते आणि आमच्या देखत एक तरुण तिथे सपशेल घसरला. दुसरी गोष्ट अधिक क्लेशाची आहे. नवस बोलल्यासारखे करून लोक खांबांच्या फटींत नाणी ठोकतात. नाणे गंजले की फुगते, फट रुंदावते, कडेचा दगड फुटतो आणि गंजाचे तांबूस ओघळ खाली उतरतात. मी एका फटीत अशी तीन नाणी एकमेकांना चिकटून काळी-हिरवी झालेली पाहिली. त्यांच्या शेजारी खांबाची कड नखाएवढी उडालेली होती. ६ कोटी वर्षे टिकलेल्या दगडाचे एका नाण्याने असे व्हावे, याचे फार वाईट वाटते. कृपा करून कोणीही तसे करू नये आणि मुलांना करू देऊ नये.

कॉजवेपाशी आम्ही दोन तास वीस मिनिटे होतो. या काळात मार्गदर्शकांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. पाच वाजता त्यांनी आम्हाला एका बाजूला घेऊन वस्तुस्थिती सांगितली : ठरलेल्या यादीत बुशमिल्सची मद्यनिर्मितीशाळा, डार्क हेजेस आणि डनलूसचा किल्ला राहिले आहेत, आणि तिन्ही धावत-पळत करता येतील किंवा एक शांतपणे. डार्क हेजेस म्हणजे १७७५ च्या सुमारास स्टुअर्ट घराण्याने लावलेल्या बीच वृक्षांची कमानदार वाट. मूळच्या सुमारे दीडशे झाडांपैकी बरीच वादळांत आणि वार्धक्याने गेली आहेत, छायाचित्रांत दिसते तेवढी ती दाट राहिलेली नाही, हेही त्यांनी लपवले नाही. आम्ही डनलूस निवडले.

डनलूस समुद्रात घुसलेल्या खडकाच्या सुळक्यावर आहे आणि तोही बेसॉल्टच. आत जाण्याची वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही शेजारच्या कड्यावरून तो पाहिला. १६३९ मध्ये वादळी रात्री किल्ल्याचे स्वयंपाकघर माणसांसकट समुद्रात कोसळले, ही लोकप्रिय कथा त्यांनी कथा म्हणूनच सांगितली. याउलट गिरोनाचा इतिहास पुराव्यानिशी ज्ञात आहे. स्पॅनिश आरमाराचे हे जहाज ऑक्टोबर १५८८ मध्ये कॉजवेजवळच्या लकाडा पॉइंटवर फुटले. त्याच्यावर आधीच बुडालेल्या जहाजांचीही माणसे होती, आणि सुमारे १,३०० जणांतून दहासुद्धा वाचले नाहीत. त्याच्या काही तोफा डनलूसच्या धन्याने बाहेर काढून आपल्या किल्ल्यावर बसवल्या. १९६७ मध्ये बेल्जियन पाणबुडा रोबेर स्तेनुई याला जहाजाची जागा सापडली, आणि तिथून वर आलेले सोने आज बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम ते पाहायला गेलो. माणकांनी मढवलेला सोन्याचा छोटासा सॅलमँडर, अंगठ्याएवढा, काचेमागे ठेवलेला आहे. किनारा आधी पाहून मग तो पाहावा. उलट क्रमाने त्याचा अर्थ निम्मा होतो.

परतीला आम्ही किनारा सोडून आतला सरळ रस्ता घेतला. तिथून बेलफास्ट सुमारे १०० किलोमीटर आहे आणि मे महिन्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहत असल्याने अंधाराची चिंता नव्हती. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही दाराशी उतरलो. ठरलेल्या वेळेपेक्षा एक तास दहा मिनिटे जास्त झाली होती; त्याचे जादा पैसे मागितले गेले नाहीत. उलट बाबांना त्यांनी विल्यम बॉल्डच्या रस्त्याविषयीची दोन पाने दुसऱ्या दिवशी मेलवर पाठवली.

पुलाच्या तिकिटांचे पैसे मात्र संस्थेकडून सहजासहजी आले नाहीत. मी दोन वेळा लिहिल्यानंतर बाराव्या दिवशी ते जमा झाले, सोबत एका ओळीचा खुलासाही नव्हता. मार्गदर्शकांना मी पैकीच्या पैकी गुण देते आणि संस्थेच्या कार्यालयीन कामाला निम्मे. अशी सहल घेणाऱ्यांनी आरक्षण करतानाच प्रवेशशुल्के धरली आहेत का, पूल बंद राहिल्यास पैसे किती दिवसांत परत येतील, आणि गाडी कोण चालवणार व त्याची पात्रता कोणती, एवढे लेखी विचारून घ्यावे. आपल्याला रस्त्यांत रस आहे की दगडांत, की पक्ष्यांत, हे त्याच पत्रात लिहावे, म्हणजे आमचा जो पहिला तास गेला तो तुमचा जाणार नाही.